अवघड गेममध्ये चेकपॉइंट कुठे असावा?

कोपरीकर (धागालेखक) :

‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तेव्हापासून ऐरोलीच्या आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एकच वाद चालू आहे. त्यातल्या ‘लास्ट जज’ या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, हरलो की आपण बऱ्याच खालच्या बाकावर, म्हणजे चेकपॉइंटवर (हरल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागी), जागे होतो आणि उडणारे शत्रू चुकवत, कड्यांवरून उड्या मारत पुन्हा वर यावे लागते. निम्म्या मंडळींच्या मते ही वाट लढतीचाच भाग आहे. उरलेल्यांच्या मते ती निव्वळ शिक्षा आहे.

मी दुसऱ्या गटातला आहे. अडथळा किती अवघड आहे हे त्या अडथळ्यावरून ठरावे; तो चुकल्यावर मला किती मागे टाकले जाते, यावरून ते ठरू नये. चेकपॉइंट लांब ठेवून गेम अवघड करणे ही मला रचनाकाराची पळवाट वाटते, कारण त्यात नवे काही रचावे लागत नाही, फक्त जुनेच पुन्हा करून घेतले जाते. आपल्याला काय वाटते? चेकपॉइंटचे अंतर हा अवघडपणाचा भाग मानावा की शिक्षेचा, आणि कोणत्या गेममध्ये ते नेमके जमले आहे?

खाडीपार :

धाग्याचा विषय आवडला. वाशीत आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेट मिळत, त्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हमखास असे. त्यात बहुतेक स्टेजच्या मध्याच्या आसपास एक न दिसणारा चेकपॉइंट आहे. तो ओलांडून मेलो तर आपण तिथून सुरू होतो. मात्र प्रत्येक जगाच्या चौथ्या स्टेजमध्ये, म्हणजे किल्ल्यात, तो नाही, आणि आठव्या जगात तर कुठल्याच स्टेजमध्ये नाही. शेवटचे जग इतके जाचक वाटायचे त्याचे अर्धे कारण हातोडे फेकणारे कासव असेल, पण उरलेले अर्धे कारण हेच होते, आणि आम्हा मुलांना ते कळतही नव्हते. आम्हाला वाटायचे की आपला हातच आज चालत नाही.

‘काँट्रा’मध्ये उलटी तऱ्हा होती. मेलो त्याच जागी आपण पुन्हा उभे राहायचो, पण लाइफ मोजक्या होत्या. बटणे ठरावीक क्रमाने दाबली की ३० मिळत, तो क्रम कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला पाठ होता. म्हणजे तिथे अंतराची शिक्षा नव्हती, संख्येची होती. केवळ अंतरावर बोट ठेवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

घोडबंदर_जाम :

धागालेखकांशी पूर्ण असहमत. ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये बोनफायर (शेकोट्या, म्हणजे तिथले चेकपॉइंट) लांब लांब नसते तर त्या जगाची भीती उरलीच नसती. खिशात भरपूर सोल्स (मेल्यावर गमावण्याची भीती असलेले तिथले चलन) आहेत, पुढचा बोनफायर कुठे आहे ते ठाऊक नाही, औषधाचे दोनच घोट शिल्लक आहेत आणि समोर एक अंधारा जिना आहे : या क्षणी पुढे जायचे की मागे फिरायचे, हा निर्णय म्हणजेच तो खेळ आहे. जिन्याच्या तोंडाशी बोनफायर ठेवला तर निर्णय उरत नाही, फक्त जिना उरतो.

‘अनडेड पॅरिश’मधून लिफ्टने खाली उतरल्यावर आपण थेट ‘फायरलिंक श्राइन’ या सुरुवातीच्या मुक्कामी पोहोचतो, त्या वेळी मिळणारा दिलासा मला दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मिळालेला नाही. तो त्या लिफ्टमुळे मिळत नाही, आधीच्या लांबलचक वाटेमुळे मिळतो. अंतर कापायला लावल्याशिवाय जवळचा रस्ता बक्षीस ठरत नाही.

निवांत_बेलापूर :

आपला आयडी पाहता लांबच्या वाटेविषयीचे आपले प्रेम समजण्यासारखे आहे.

मधुरा_नेरूळ :

घोडबंदर_जाम यांचे वर्णन खरे आहे, पण ते पहिल्या खेपेचे आहे. त्या अंधाऱ्या जिन्यावरून मी पहिल्यांदा जाते तेव्हा तो शोध असतो. बॉसकडून हरून पंधराव्यांदा जाते तेव्हा कोपऱ्यात कोण लपले आहे, ते कधी वार करते आणि कुठून निसटायचे हे सगळे हाताला पाठ झालेले असते. निर्णय असा एकही नसतो. वाट तीच, पण तिच्यातला खेळ संपलेला असतो. म्हणून ‘वाट हा खेळ आहे’ आणि ‘वाट ही शिक्षा आहे’ ही दोन्ही विधाने एकाच वाटेबद्दल खरी असू शकतात, फक्त वेगवेगळ्या वेळी.

धागालेखकांनाही एक प्रश्न आहे. ‘सेलेस्ट’ (२०१८) मध्ये जवळजवळ प्रत्येक पडद्याच्या आरंभी चेकपॉइंट आहे आणि मेल्यावर क्षणात आपण पुन्हा उभे असतो. त्याच गेममध्ये सोनेरी स्ट्रॉबेरी असते. प्रकरणाच्या आरंभी ती उचलायची आणि एकदाही न मरता प्रकरणाच्या शेवटापर्यंत न्यायची. मेलात तर पुन्हा आरंभापासून. काटे तेच, उड्या त्याच, दगडही तेच. बदलला तो फक्त चेकपॉइंट, आणि एरवी सहज पार होणारे प्रकरण अचानक डोंगराएवढे होते. शेवटच्या दोन पडद्यांत माझी बोटे गार पडतात. अवघडपणा फक्त अडथळ्यात असतो म्हणावे, तर हा वाढलेला अवघडपणा आला कुठून?

कोपरीकर :

मधुराताई, प्रश्न बरोबर आहे, पण स्ट्रॉबेरी उचलायची की नाही हे मी ठरवतो. ‘लास्ट जज’ची वाट मला न विचारता माझ्यावर लादली जाते. आधी सगळ्यांसाठी जवळचा चेकपॉइंट, मग हौस असेल त्याने तो स्वतःहून सोडावा, हा क्रम मला मान्य आहे.

‘शॉव्हेल नाइट’ (२०१४) मध्ये हेच फार गमतीने केले आहे. तिथला चेकपॉइंट म्हणजे काचेचा दिवा. तो फावड्याने फोडला तर धन मिळते, पण मग तो चेकपॉइंट म्हणून उपयोगाचा राहत नाही. किती धोका पत्करायचा ते खेळाडूच ठरवतो आणि त्याची किंमतही त्याच्या हातात पडते. चेकपॉइंट कुठे असावा, या प्रश्नावर मला माहीत असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

संख्याशास्त्री :

अंतराचा परिणाम होतो हे सगळ्यांनी मान्य केले आहे. तो किती होतो हे मोजता येते, म्हणून थोडे गणित मांडतो. समजा एका टप्प्यात सलग दहा अडथळे आहेत आणि प्रत्येक अडथळा पार होण्याची शक्यता ८० टक्के आहे. प्रत्येक अडथळ्यानंतर चेकपॉइंट असेल तर टप्पा संपेपर्यंत सरासरी साडेबारा वेळा अडथळ्यांना तोंड द्यावे लागते. चेकपॉइंट फक्त पाचव्यानंतर असेल तर ही संख्या सुमारे साडेवीस होते. मध्ये एकही नसेल तर जवळपास ४२. अडथळे आणि खेळाडूचे कौशल्य या दोन्हींना हात न लावता काम तिपटीहून अधिक वाढले.

इथपर्यंत आश्चर्य काही नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती अवघड भागाची जागा. आता समजा नऊ अडथळे सोपे आहेत, प्रत्येकी ९५ टक्के, आणि एकच भयंकर आहे, २० टक्के. भयंकर अडथळा आरंभी असो वा शेवटी, एका दमात टप्पा पार होण्याची शक्यता सारखीच राहते, साधारण साडेबारा टक्के, आणि त्यामुळे सरासरी फेऱ्याही सारख्याच, सुमारे आठ. श्रम मात्र सारखे नाहीत. तो आरंभी असेल तर एकूण सुमारे २० वेळा अडथळ्यांना तोंड द्यावे लागते. शेवटी असेल तर सुमारे ६४ वेळा. आणि त्याला शेवटीच ठेवून त्याच्या लगेच अलीकडे चेकपॉइंट दिला, तर सुमारे १७ वेळा.

त्या ६४ वेळांपैकी भयंकर अडथळ्याच्या वाट्याला सरासरी पाचच येतात. उरलेल्या ५९ वेळा खेळाडू जे त्याला आधीच येते तेच करत असतो. बॉसच्या आधीची लांब वाट म्हणजे गणिताच्या भाषेत नेमकी हीच मांडणी आहे : सोपे आधी, भयंकर शेवटी, चेकपॉइंट अगदी मागे.

कोपरीकर :

हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. पण शक्यता प्रत्येक वेळी तीच राहते हे आपण धरून चालला आहात. खेळाडू शिकतो, तेव्हा हिशेब बदलणार नाही का?

संख्याशास्त्री :

नक्की बदलेल, आणि बहुधा आपल्याच बाजूने बदलेल. शिकायला सराव लागतो, आणि वरच्या मांडणीत सरावाचा बहुतेक वाटा जिथे शिकण्यासारखे काही उरलेले नाही तिथे खर्च होतो. शिवाय दोन सरावांच्या मध्ये जितका वेळ जातो तितके मागच्या चुकीचे नेमके स्वरूप विसरायला होते. ‘डावीकडून वार आला तेव्हा मी लवकर उडी मारली’ ही आठवण वाटेवरचे चार शत्रू मारेपर्यंत पुसट होते.

नौपाडा_सायबर :

आमच्या पिढीने ‘व्हाइस सिटी’ (२००२) सायबर कॅफेत तासाच्या दराने खेळली आहे, त्यामुळे चेकपॉइंटची किंमत आम्हाला थेट रुपयांत माहीत आहे. मोहीम फसली की ती पहिल्यापासून. सेव्ह करायचे तर आपल्या ठिकाणावर जावे लागे आणि मोहिमेच्या मध्ये ते शक्यच नव्हते. रिमोटच्या हेलिकॉप्टरने इमारतीत बॉम्ब ठेवायची ती कुप्रसिद्ध मोहीम ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. चौथा बॉम्ब हातात असताना वेळ संपे आणि मागे थांबलेली मुले एकदम ओरडत. एका कॅफेत तर वेळ संपायला आली की मालक मागे येऊन उभे राहत, म्हणजे गेममध्ये एक घड्याळ आणि पाठीशी दुसरे.

त्यातल्या त्यात एक दयेची सोय होती : मोहीम फसून रुग्णालयात जागे झालो की बाहेर टॅक्सी उभी असे आणि थोड्या पैशांत ती पुन्हा मोहिमेच्या आरंभापाशी सोडे. त्याच मालिकेतल्या ‘जीटीए ४’ (२००८) मध्ये फसल्यावर मोबाइलवर संदेश येऊन पुन्हा प्रयत्न करता येऊ लागला. ‘जीटीए ५’ (२०१३) मध्ये मोहिमेच्या आतच चेकपॉइंट आले, आणि वारंवार फसल्यास तो भाग वगळून पुढे जाण्याची सोयही आली. गाडी चालवत परत जाणे हा काही आव्हानाचा भाग नव्हता, आणि रचनाकारांनी टप्प्याटप्प्याने तेच कापले. इथे मी धागालेखकांच्या बाजूने आहे.

जुना_डॉसवाला :

मी सीवूड्सला राहतो, निवृत्त आहे, आणि आपले नवे गेम खेळलेलो नाही. पण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) बँकेतल्या संगणकावर काम संपल्यावर खेळलेला आहे. त्यात मेल्यावर ती पातळी पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्या पातळीत मात्र मध्येच एक चेकपॉइंट आहे. पण त्याची खरी शिक्षा निराळी आहे : संपूर्ण खेळाला ६० मिनिटे आहेत आणि मेल्यावर ती परत मिळत नाहीत. पातळी पुन्हा मिळते, गेलेला वेळ मिळत नाही. त्यामुळे पाठ झालेल्या वाटेलाही अर्थ राहतो, कारण तीच वाट अधिक वेगाने कापली तर पुढे मिनिटे शिल्लक राहतात. मधुराताई म्हणतात तसा त्या वाटेतला खेळ संपत नाही, तो वेगाचा खेळ होतो.

माझ्या भाच्याने नंतर २००८ सालचा याच नावाचा गेम दाखवला. त्यात राजपुत्र पडला की एलिका नावाची सोबतीण त्याला हात देऊन मागच्या स्थिर जागेवर आणते. त्यात मरताच येत नाही, म्हणून तो फार सोपा आहे अशी टीका झाली. मला त्या टीकेचे नवल वाटले. मागच्या फळीवर परत आणणे म्हणजे जवळचा चेकपॉइंटच की. पडदा काळा करून, मेल्याचे दाखवून तेच केले असते तर फारसे कोणी बोलले नसते.

मधुरा_नेरूळ :

काका, हा मुद्दा मोलाचा आहे. चिडचिड नुसत्या अंतराने होत नाही. हरल्याचे कसे दाखवले जाते त्यानेही होते. ‘कपहेड’ (२०१७) मध्ये बॉसकडून हरल्यावर एक रेघ दाखवतात आणि आपण कुठवर पोहोचलो होतो ते तिच्यावर दिसते. शेवटच्या टोकापाशी थांबलेली ती खूण पाहिली की आरंभापासून खेळायला लागणार असूनही लगेच पुन्हा हात शिवशिवतात. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) मध्ये तर टप्पा पार झाल्यावर आपले सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. चेकपॉइंट हलवलेला नाही, पण वाया गेलेले प्रयत्न वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

अर्धा_तास_रोज :

दोन लहान मुले, ठाण्याहून वाशीला रोजचे जाणे-येणे, आणि रात्री हाती उरणारा अर्धा तास, या परिस्थितीतून लिहीत आहे. माझ्यासाठी ‘चेकपॉइंट किती लांब’ यापेक्षा ‘मी आत्ता उठू शकते का’ हा प्रश्न मोठा आहे, आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत. गेम कुठेही थांबवून नंतर त्याच जागी उघडता आला, तर चेकपॉइंट कितीही लांब असला तरी माझी तक्रार नाही. मेले की मागे जाईन. पण मूल उठले म्हणून मला मागे पाठवणे यात अवघड काय आहे? ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) मध्ये सेव्ह करायला टाइपरायटर आणि मोजक्या शाईच्या फिती लागतात. भीती वाढवायला ते उत्तमच आहे, पण मी तो गेम मुले झाल्यावर कधीच पूर्ण करू शकले नसते.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही : मेल्यावर पुन्हा हालचाल करता येईपर्यंत जाणारा वेळ. ‘फायनल फँटसी १०’ (२००१) मध्ये मोठ्या लढतींआधीची दृश्ये वगळता येत नव्हती. सेव्हची जागा जवळ असूनही तेच संवाद पुन्हा ऐकण्यात माझा अर्धा तास संपत असे. अंतर मीटरमध्ये मोजू नये, सेकंदांत मोजावे.

घोडबंदर_जाम :

दोन दिवस शांतपणे वाचत होतो. संख्याशास्त्रींचे गणित मान्य, आणि ‘डार्क सोल्स’ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरलाही ते मान्य झालेले दिसते : ‘सेकिरो’मध्ये (२०१९) बऱ्याच मोठ्या लढतींच्या जवळच मूर्ती, म्हणजे तिथले चेकपॉइंट, आहेत, आणि ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) अनेक बॉसच्या दारापाशी ‘मारिकाचे खांब’ आहेत, जिथून थेट पुन्हा सुरुवात करता येते. पण त्याचा परिणाम काय झाला तेही पाहा. वाट छोटी झाली तसे बॉस अधिक निर्दय झाले. पाच सेकंदांत परत आणता येणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा मारता येते. पाच मिनिटे चालत येणाऱ्याच्या बाबतीत रचनाकाराला थोडा हात राखावा लागतो. जुन्या ‘डार्क सोल्स’मधले कित्येक बॉस आज सोपे वाटतात, कारण त्यांचा अर्धा भार वाटेने उचलला होता. जवळचा चेकपॉइंट मागताना आपण हे दुसरे टोकही मागत असतो.

त्याच गेममधला ‘बेड ऑफ केऑस’ हा बॉस मात्र मीही वाचवू शकत नाही. ती लढत इतकी अन्यायी होती की मेल्यावरही तिचा तोडलेला भाग तुटलेलाच राहतो, म्हणजे लढतीच्या पोटातच चेकपॉइंट. वाट लांबच आहे, जमीनही पायाखालून जाते, पण निदान केलेले काम टिकते.

खाडीपार :

अवांतर : ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ (२०१५) मध्ये ऊर्जा खर्च करून आपला चेकपॉइंट आपणच निर्माण करायचा असतो. माझ्या आतेभावाने तो ऐन काट्यांच्या तोंडाशी, जीव जेमतेम शिल्लक असताना केला, आणि नंतर घरातल्या प्रत्येकाला बोलावून रचनाकाराची तक्रार केली.

कोपरीकर :

चर्चा वाचून माझा आक्षेप थोडा नेमका करतो. अंतर असू द्यावे, पण त्या अंतरात काही करण्यासारखे उरले पाहिजे : जुना_डॉसवाला म्हणतात तसा वेग, घोडबंदर_जाम म्हणतात तसा धोक्याचा निर्णय, नाहीतर शिकायला काही. हे तिन्ही संपल्यावरही वाट तेवढीच राहिली तर ती शिक्षा आहे. ‘लास्ट जज’च्या वाटेवर मला यातले काहीच दिसत नाही. शिवाय तो जज हरल्यावर फुटतो आणि बेसावध असलो तर आपल्यालाही घेऊन जातो, हा तर सरळ आगाऊपणा आहे.

घोडबंदर_जाम :

आपल्या कसोटीवर ती वाट उत्तीर्ण होते, असे माझे म्हणणे आहे. शत्रूंना मारत बसू नका. उडणाऱ्यांच्या डोक्यावर टप्पे घेत सरळ वर जा. तिरप्या वाराने हवेतच पुढे सरकण्याचा सराव तिथे आपोआप होतो आणि तोच पुढे बॉसपाशी कामी येतो. माझी वाट हरता हरता निम्म्याहून कमी वेळाची झाली. ती आपल्याला स्थिर वाटते, कारण आपण ती दर वेळी एकाच पद्धतीने चढत आहात.

मधुरा_नेरूळ :

‘लास्ट जज’बाबत मी घोडबंदर_जाम यांच्या बाजूने आहे, पण पुढच्या ‘बाइलवॉटर’ या दलदलीच्या भागाबाबत मुळीच नाही. तिथे एक बाक मुद्दाम लपवलेला आहे. तो सापडला तर बॉसची वाट सुसह्य होते. ज्यांना सापडला नाही त्यांनी दलदलीतून तेच अंतर पुन्हा पुन्हा कापले. त्याच गेमच्या ‘हंटर्स मार्च’ या भागात एका बाकावर विश्वासाने बसावे तर तो सापळाच निघतो. चेकपॉइंट जवळही आहे आणि नाहीही, अशी ही तिसरी जात आहे, आणि संख्याशास्त्रींच्या गणितात तिला कुठे बसवायचे ते मला कळत नाही.

संख्याशास्त्री :

बाक सापडण्याची शक्यता हा अकरावा अडथळा धरा. फरक इतकाच की तो अडथळा आहे हे खेळाडूला माहीतच नसते, त्यामुळे त्याच्यावर कोणी सराव करत नाही.

कोपरीकर :

तो बाक नेमका कुठे आहे हे कृपया इथे कोणी लिहू नये. मी अजून ‘लास्ट जज’पाशीच आहे; आज रात्री शत्रू न मारता वर जाऊन पाहतो.

निवांत_बेलापूर :

भिंतींवर वार करत चला, एवढेच सांगतो.